'२ अब्ज डॉलर' कसे मोजावेत: च्यांग कै-शेक यांना मिळालेली अमेरिकी मदत, १९४५–४९

अमेरिकी परराष्ट्र खात्याने ऑगस्ट १९४९ मध्ये श्वेतपत्रिका काढली. जपानच्या शरणागतीनंतर, कम्युनिस्टांशी यादवी युद्ध लढणाऱ्या च्यांग यांच्या राष्ट्रवादी चिनी सरकारला सुमारे २ अब्ज डॉलरची अनुदानं आणि कर्जं दिली, असं ती सांगते. हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. त्यात आर्थिक मदतही आहे, म्हणून लष्करी भाग आधी वेगळा काढा.

युद्धातून उरलेल्या मालाचा हिशेब याहून निराळा. त्याची मूळ खरेदी किंमत १ अब्जाच्या वर होती, विक्री ठरली २३.२ कोटींना. मूळ किंमत धरून '३ अब्ज' अशी बेरीज केली, की मदत फुगते. रक्कम लिहाल तिथे ती खरेदीची की विक्रीची, हे शेजारीच नोंदवा.

आता तारखा. मंजुरी, रवानगी आणि पोच असे तीन रकाने आखा. खरं उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्यात सापडतं. १९४६ च्या उन्हाळ्यापासून मे १९४७ पर्यंत चीनला शस्त्रं पाठवण्यावर अमेरिकेची बंदी होती. चीनच्या मदतीसाठी अमेरिकेने केलेल्या एप्रिल १९४८ च्या कायद्याने १२.५ कोटी डॉलर वेगळे ठेवले आणि ते मुख्यतः शस्त्रांवर खर्च झाले. पण खरेदी, जुळणी आणि जहाजं यांत महिने गेले. मोठ्या खेपा वर्षाच्या शेवटी येऊ लागल्या, तोवर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मांचुरियातलं मुकडेन शहर कम्युनिस्टांच्या हाती पडलं होतं.

दारूगोळ्याच्या नोंदीत कॅलिबर, म्हणजे काडतुसाचा व्यास, पाहायला विसरू नका. बंदी उठल्यावर ७.९२ मिमीची सुमारे १३ कोटी काडतुसं खरेदी किमतीच्या १० टक्क्यांत विकली गेली. ती चिनी बनावटीच्या रायफलींना चालत, अमेरिकी रायफलींना नाही. त्यामुळे नुसत्या संख्येवरून कोणत्या डिव्हिजनची गरज भागली, ते कळत नाही.

शेवटी साक्षी तपासा. चीनमधल्या अमेरिकी लष्करी सल्लागार गटाचे प्रमुख जनरल डेव्हिड बार यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये कळवलं, की आपण आल्यापासून दारूगोळ्याअभावी एकही लढाई हरलेली नाही. त्यांच्या मते दोष नेतृत्वाचा आणि भ्रष्टाचाराचा. आमच्या मते ही साक्ष वजनदार आहे. सैन्य जागचं हलवायचं की नाही, हा निर्णय नानकिंगचा, म्हणजे राष्ट्रवादी सरकारच्या राजधानीचा, होता. सल्लागारांना आघाडीवरच्या तुकड्यांबरोबर जायचीही परवानगी नव्हती. मात्र बार जानेवारी १९४८ मध्ये आले. बंदीच्या काळातल्या तुटवड्याबद्दल त्यांचं वाक्य पुरावा म्हणून वापरता येणार नाही, आणि अनेक लेख नेमके तिथेच चुकतात.