नायजेरियाची योजना वाचायची तर आधी पैशाचा तक्ता उघडा

माझी नात सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. नायजेरियाच्या विकास योजनांवरचा निबंध घेऊन ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. पहिलंच वाक्य होतं, ‘नियोजनाचा अभाव हे नायजेरियाच्या अडचणींचं मूळ आहे.’ मी ते खोडायला लावलं. त्या देशात योजनांना कधीच तोटा नव्हता. 1979 ते 1984 मी कडुना शहराजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. तिसरी योजना संपताना आणि चौथी कोसळताना मी तिथेच होतो. त्या शाळेतली मुलं अजून डोळ्यांपुढे येतात. कोणी त्यांच्या देशाबद्दल असं एका वाक्यात उरकलं की मला राहवत नाही. नातीला चार संध्याकाळी बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितो. असा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

उद्दिष्टांचं प्रकरण सुरुवातीला बाजूला ठेवा. गरिबी हटेल, शेती सुधारेल, रोजगार वाढेल, हे प्रत्येक योजनेत असतंच. सरळ पैशाच्या तक्त्यावर जा आणि प्रत्येक रकमेसमोर पेन्सिलीने लिहा, हा पैसा कुणाच्या हातात आहे? 1962–68 च्या पहिल्या योजनेत सरकारी भांडवली खर्चाचा जवळपास निम्मा वाटा परदेशी मदतीतून येईल असं धरलं होतं. आली ती मदत त्याहून बरीच कमी. शिवाय 1967 मध्ये यादवी युद्ध पेटलं. तो दोष योजनेच्या माथी मारू नका, पण नोंद करा.

पुढे तेलाने देशाचे हात मोकळे केले, आणि सगळे आडाखे तेलाच्या भावाला बांधले गेले. 1981–85 ची चौथी योजना 82 अब्ज नायरांची (नायरा हे तिथलं चलन) होती. तेल चढ्या भावाने विकलं जात राहील हे गृहीत होतं. 1982 पासून बाजार उतरला. त्याचा अर्थ मला शाळेत कळला. पगार आधी उशिरा, मग दोन-दोन महिने नाहीच. नव्या वर्गाच्या भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढलेच नाहीत. मुलं उन्हात बसून बीजगणित करायची आणि कुणी कुरकुरायचं नाही. 31 डिसेंबर 1983 ला लष्कराने सत्ता घेतली. म्हणून प्रत्येक प्रकल्पासमोर दुसरा प्रश्न लिहा, तेलाचा भाव निम्मा झाला तर यातलं काय उरेल? ज्याचं उत्तर ‘काहीच नाही’ येईल, ती ओळ वेगळ्या रंगाने अधोरेखित करा.

त्यानंतर माणसं मोजा. इथे थोडं थांबा, कारण खरा घोळ इथेच सापडतो. 1962 ची जनगणना रद्द झाली, 1963 ची वादग्रस्त ठरली, 1973 ची पुन्हा रद्द. डोकी मोजली की संसदेतल्या जागा आणि महसुलातला वाटा ठरतो, त्यामुळे प्रत्येक प्रांताला आपला आकडा मोठा हवा असे. 1991 मध्ये मोजणी झाली तेव्हा 8 कोटी 89 लाख निघाले, प्रचलित अंदाजांपेक्षा खूपच कमी. 2006 नंतर तर जनगणना झालेलीच नाही. दरडोई काहीही लिहिलेलं दिसलं की भागाकारातला तो खालचा आकडा कोणत्या वर्षाचा, ते आधी तपासा. वरचा आकडाही तपासा. एप्रिल 2014 मध्ये नायजेरियाने राष्ट्रीय उत्पन्नाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि धंदे धरून हिशेब होतो ते, 1990 वरून 2010 वर आणलं आणि अर्थव्यवस्था कागदावर 89 टक्क्यांनी मोठी निघाली. मोबाईल, चित्रपट यांसारखे धंदे जुन्या हिशेबात नीट धरलेलेच नव्हते.

मोजणी चुकली की काय होतं ते 1976 च्या सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणात दिसलं. सप्टेंबरमध्ये देशभर एकाच वेळी शाळा मोफत झाल्या आणि धरल्यापेक्षा लाखो मुलं जास्त आली. शिक्षक नाहीत, खोल्या नाहीत. आपल्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली भागात करून पाहिलं आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात आणलं, हे मी नातीला मुद्दाम सांगितलं. तेरा वर्षं म्हणजे फार उशीर, असंही कुणी म्हणेल. लागोस या तेव्हाच्या राजधानीतल्या सरकारला तेवढा धीर परवडला नसता, हेही खरं. पण छोट्या भागात आधी करून पाहिलं होतं का, हा प्रश्न कोणत्याही योजनेला विचाराच.

आता पैसा आहे, पण तो खर्चायला हात आहेत का, ते बघा. 1975–80 ची तिसरी योजना सुमारे 30 अब्ज नायरांची, दुसरीच्या कितीतरी पट. त्याच 1975 साली परदेशातून दीड-दोन कोटी टन सिमेंट मागवलं गेलं, त्यातलं बरंचसं संरक्षण खात्यासाठी. लागोस बंदराला ते उतरवून घेणं अशक्य होतं. शेकडो जहाजं समुद्रात ताटकळली, सरकार डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, भरत राहिलं, गोण्यांत सिमेंट दगड झालं. योजना चालू असतानाच 1976 मध्ये राज्यं 12 वरून 19 झाली. प्रत्येक नव्या राज्याला सचिवालय हवं, अधिकारी हवेत. ते या हिशेबात कुठून असणार? म्हणून योजनेच्या काळात सरकार बदललं का, राज्यं वाढली का, याचा छोटा कालपट शेजारी काढा. नायजर नदीकाठच्या अजाओकुटा पोलाद कारखान्यासाठी तर एक अख्खं पान लागेल. इतकी सरकारं आली-गेली, चार दशकं उलटली, तरी झोतभट्टीतून लोखंड निघालेलं नाही.

एककांचं पटकन सांगतो. पहिली योजना पौंडांत आहे. 1 जानेवारी 1973 ला नायरा आला, एका पौंडाला दोन. ट्रिलियन दिसला की लाख कोटी लिहा, म्हणजे आपल्या डोक्यात बसतं. 1986 नंतर नायरा घसरत गेला, त्यामुळे जुन्या-नव्या रकमा समोरासमोर ठेवू नका.

शेवटी हे सगळं 2021–25 च्या योजनेवर करून बघा. एकूण 348.1 लाख कोटी नायरा. त्यातले सुमारे 298 लाख कोटी खासगी क्षेत्र घालणार असं लिहिलंय, म्हणजे सातातले सहा भाग सरकारच्या हातात नाहीतच. नातीने त्या ओळीसमोर ‘हा पैसा कुणाच्या हातात?’ लिहिलं आणि शेजारी ‘प्रत्यक्ष आले’ असा रकाना आखला. प्रत्यक्ष खर्चाचे आकडे हाती येतील तसा तो ती भरणार आहे. निबंधाचं पहिलं वाक्य त्यानंतर लिहायचं, असं आमचं ठरलंय.