शेवटची पन्नास मिनिटं : सुपरहिरोंचा निरोप नागपुरात एकत्र बघायचा असेल तर

'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' २६ एप्रिल २०१९ ला लागला. मार्व्हलच्या सिनेमांत २००८ पासून जपलेल्या पात्रांना त्यात निरोप दिला गेला, आणि हा निरोप पुन्हा बघायला फॅन ग्रुप आजही कुणाच्या तरी हॉलमध्ये नाहीतर गच्चीवर जमतात. अशा बैठका बहुतेक वेळा बिघडतात त्या एकाच ठिकाणी. सिनेमा १८१ मिनिटांचा आहे आणि ज्यासाठी सगळे आलेले असतात ते जवळजवळ सगळं शेवटच्या पन्नास मिनिटांत येतं. नेमकी तेव्हाच कूलरची टाकी संपते, शेजारी दार वाजवतात, कुणीतरी चिवड्याची पुडी फोडतं. म्हणून वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे आखा.

गच्ची की हॉल

मे महिन्यात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. प्रोजेक्टरचं चित्र नीट दिसण्याइतका अंधार व्हायला साडेसात वाजतात. साडेसातला सुरू केलं आणि बारा-बारा मिनिटांच्या दोन सुट्ट्या धरल्या, तर सिनेमा संपायला अकराला पाच मिनिटं कमी असतात. आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्कच्या अंत्यविधीचं दृश्य दहानंतर येतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे. म्हणजे आवाज सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो बंद करावा लागतो. उन्हाळ्यात गच्चीचा विचार सोडून द्या.

डिसेंबरात गणित जमतं. साडेपाचच्या थोडं पुढे सूर्य मावळतो, सव्वासहाला पडदा उजळतो आणि दोन सुट्ट्या धरूनही नऊ चाळीसला सगळं आटोपतं. फक्त थंडीची तयारी हवी. गच्चीवर सतरंजीखाली फोमची गादी किंवा जाड पुठ्ठा घाला, कारण स्लॅब आठनंतर गार पडतो आणि खाली बसलेली माणसं दुसऱ्या तासापासून चुळबुळायला लागतात. दोघांत एक ब्लँकेट धरा.

गच्चीच्या पडद्याला कोरा पांढरा मांजरपाट चालतो. शंभर इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट आणि उंची चार फूट भरते, तेव्हा कापड आठ बाय पाच फुटांचं घ्या. एकेरी कापडातून उजेड आरपार जातो आणि रंग फिके पडतात, म्हणून मागे काळी चादर लावा. खालच्या काठाला शिवणीत लाकडी पट्टी घातली नाही तर वाऱ्याने पडदा फुगतो आणि चेहरे वाकडे दिसतात. रडणारा चेहरा वाकडा दिसला की माणसं हसतात, आणि एकदा हसू आलं की ते दृश्य गेलंच.

कूलर हा खरा प्रश्न

उन्हाळ्यातली बैठक हॉलमध्येच होणार, आणि एसी नसेल तर डेझर्ट कूलर लागणारच. या सिनेमातले निरोपाचे संवाद फार हळू आवाजात आहेत. टोनीची मुलगी, त्याची बायको पेपर, हेल्मेटमधून दिसणारा रेकॉर्ड केलेला निरोप, म्हातारा स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका), ही सगळी माणसं जवळजवळ पुटपुटतात. फुल स्पीडवरचा कूलर हे सगळं गिळून टाकतो. आवाज वाढवावा तर त्याआधीच्या लढाईत भिंती हादरतात.

उपाय असा. टाकी सुरुवातीलाच काठोकाठ भरा आणि पहिले दोन तास कूलर हवा तसा चालू द्या. दुसऱ्या सुट्टीत टाकी पुन्हा भरा, पंप चालू ठेवा आणि पंखा 'लो'वर आणा. तोवर रात्र झालेली असते आणि खोली बऱ्यापैकी गार असते. कूलरला समोरची एखादी खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमटपणा साचून घाम फुटतो. त्याच खिडकीतून उजेड आत येतो, म्हणून दुपारचा शो कूलरवर होत नाही. वाऱ्याचा झोत प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका. ओलसर हवा थेट आत गेली की लेन्सवर दमट थर बसतो आणि चित्र धुरकट दिसतं.

आता आवाज. साधा टीव्ही किंवा दोन स्पीकर जोडलेले असतील तर सेटिंगमध्ये ऑडिओ 'स्टिरिओ' करा. ५.१ चा (सहा स्पीकरसाठी बनवलेला) आवाज दोनच स्पीकरना गेला की अनेक जोडण्यांमध्ये मधल्या स्पीकरचे संवाद दबतात आणि स्फोट तेवढे मोठे राहतात. 'नाइट मोड' असेल तर तो लावा. त्याने मोठा आवाज खाली येतो आणि हळू आवाज वर येतो. पातळी ठरवताना लढाईचं दृश्य लावू नका. सुरुवातीला अवकाशात अडकलेला टोनी हेल्मेटशी बोलतो ते दृश्य लावा. ते सगळ्यात मागच्या खुर्चीवर स्पष्ट ऐकू आलं की व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. एवढं करूनही शंका वाटत असेल तर सबटायटल्स चालू ठेवा. घरात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर हिंदी डब निवडा, पण तो सुरुवातीलाच. मध्येच भाषा बदलली की पात्रांचे आवाज परके वाटतात.

वीज जाण्याची सोयही बघून ठेवा. १५० एएचची चांगली बॅटरी प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून ३०० वॅट असतील तर तीन तासांच्या आसपास ओढते. त्यावर २०० वॅटचा कूलर टाकला की दोन तासांवर येते. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, हे तपासा. दुसऱ्या मोडवर वीज जाताना क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्याने प्रोजेक्टर बंद होतो आणि दिव्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाही.

आधी काय बघून यायचं

हा सिनेमा एकटा बघितला तर डोळे कोरडे राहू शकतात, कारण शेवटातली प्रत्येक गोष्ट जुन्या सिनेमांतून उचललेली आहे. मार्व्हलचे आधीचे सगळे एकवीस सिनेमे बघायला लावू नका. पाच पुरतात : 'आयर्न मॅन' (२००८), 'कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' (२०११), 'द अ‍ॅव्हेंजर्स' (२०१२), 'द विंटर सोल्जर' (२०१४) आणि 'इन्फिनिटी वॉर' (२०१८). मिळून अकरा तास अठरा मिनिटं होतात. चार-पाच संध्याकाळी वाटून घ्या; एकाच रविवारी उरकले तर निरोपाच्या वेळी मन बधिर झालेलं असतं.

पहिल्यात टोनीचं शेवटचं वाक्य, सुटका झाल्यावरचा चीजबर्गर आणि पेपरने दिलेली छातीतल्या रिअ‍ॅक्टरची भेट नीट बघायला सांगा. या तिन्ही गोष्टी एंडगेममध्ये परत येतात. दुसऱ्यात स्टीव्हचा प्रेयसी पेगीबरोबरचा राहून गेलेला नाच आहे. तिसऱ्यात नताशा (ब्लॅक विडो) आणि क्लिंटची (हॉकआय) जुनी मैत्री. ती ठाऊक नसेल तर वोर्मिर ग्रहावरच्या कड्यावरचं दृश्य नुसती झटापट वाटते. चौथ्यात सकाळी पळताना स्टीव्ह सॅमला (पुढे त्याचा मित्र होणाऱ्या) जे म्हणतो, तेच शब्द लढाईत सॅमच्या तोंडून स्टीव्हच्या कानावर येतात. हा धागा माहीत असलेली माणसं त्या क्षणी ओरडतात आणि माहीत नसलेली त्यांच्याकडे बघत राहतात.

आणखी एक लहानशी पण फार उपयोगाची सूचना. टोनीच्या अंत्यविधीला शेवटच्या रांगांत एक तरुण मुलगा एकटा उभा असतो. तो २०१३ च्या तिसऱ्या 'आयर्न मॅन'मधला हार्ली. दर वेळी याच ठिकाणी कुणीतरी "हा कोण रे?" म्हणून कुजबुजतं आणि ती शांतता मोडते. नवख्यांना आधीच सांगा : एक अनोळखी मुलगा दिसेल, नंतर विचारा.

सुट्ट्या कुठे

पहिली सुट्टी साधारण तासाभराने, भूतकाळात जायची योजना पक्की झाल्यावर. दुसरी दोन तासांच्या सुमारास, पण वोर्मिरनंतर लगेच नको. नताशा गेल्यावर बाकीचे पाण्याच्या काठावर जमतात, ते दृश्य पूर्ण होऊ द्या आणि मग थांबवा. कड्यावरच दिवे लावले तर माणसं धक्क्यातून थेट चहाच्या कपावर येतात आणि तिचं दुःख तिथेच सांडतं. त्यानंतर थेट श्रेयनामावलीपर्यंत थांबायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही.

खाणं सगळं या दोन सुट्ट्यांत. चिवडा, वेफर्स, कुरकुरीत पुड्या दुसऱ्या सुट्टीनंतर उचलून आत ठेवा. हातात धरायला संत्रा बर्फीचा तुकडा चांगला, आवाज होत नाही. बारा जणांना उन्हाळ्यात वीस लिटरचा पाण्याचा एक कॅन आणि तीन लिटर कैरीचं पन्हं पुरतं. रुमाल कुणी आणत नाही. टिश्यूचे दोन डबे खोलीच्या दोन टोकांना ठेवा, म्हणजे अंधारात हातोहात फिरवावे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे त्यांना आधी खासगीत कल्पना द्या आणि दाराजवळची जागा ठेवा. वडिलांच्या मागे राहिलेल्या लहान मुलीचं दृश्य अशा माणसाला फार लागतं. तो उठून बाहेर गेला तर मागे एकानेच जावं, घोळका नको.

श्रेयनामावली चालू असताना दिवे लावू नका. मूळ सहा नायकांच्या सह्या एकामागून एक येतात, त्या वेळी टाळ्या आणि हुंदके दोन्ही ऐकू येतात. सगळ्यात शेवटी वेगळं दृश्य नाही, फक्त धातूवर हातोडा पडल्याचा आवाज आहे : २००८ मध्ये गुहेत टोनी पहिलं चिलखत ठोकत होता तो. त्यासाठी शेवटपर्यंत बसायला सांगा.

प्रतिक्रिया टिपताना

थिएटरमधला मोह आधी आवरा. २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चालू सिनेमा रेकॉर्ड करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड होऊ शकतो. "मी तर लोकांचे चेहरे घेत होतो" म्हटलं तरी फ्रेममध्ये पडदा आला की अडचण होते. नवा सिनेमा लागला तर मोबाइल खिशात ठेवा आणि बोलणं बाहेर पडल्यावर टिपा. त्यासाठी फुटाळा तलावाचा काठ निवडू नका. वारा आणि गर्दी मिळून एकही वाक्य धड ऐकू येत नाही. धरमपेठ किंवा रामदासपेठेतली एखादी शांत आतली गल्ली बरी. रात्रीच्या शोला जाताना शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघा, नाहीतर अर्धा ग्रुप बोलायच्या आत पळतो.

घरी मोबाइल ट्रायपॉडवर, पडद्याच्या बाजूला खाली, तोंड प्रेक्षकांकडे. पडद्याचा उजेड सतत बदलतो म्हणून फोकस पुढे-मागे होत राहतो. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा. अंधारात चित्र दाणेदार येतं. कोपऱ्यात झिरोचा बल्ब भिंतीकडे तोंड करून लावला तर चेहरे दिसतात आणि कुणाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर एका कॉलने रेकॉर्डिंग तुटतं. फुल एचडीला मिनिटाला ६० ते १३० एमबी लागतात. पन्नास मिनिटांसाठी किमान आठ जीबी जागा मोकळी ठेवा.

परवानगी दोनदा घ्या, सुरुवातीला आणि संपल्यावर. आपण कसे रडू हे आधी कुणालाच माहीत नसतं. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारा. कुणी नको म्हणालं तर तो भाग त्याच्यासमोर पुसा. सिनेमाचा आवाज असलेला व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की कॉपीराइटच्या तपासणीत अडकतो, म्हणून टाकायचाच असेल तर मूळ आवाज काढून नंतरच्या गप्पांचा आवाज जोडा.

पण खरी प्रतिक्रिया कॅमेऱ्यापेक्षा कागदावर येते. दिवे मंद लावून प्रत्येकाला कोरं पोस्टकार्ड आणि पेन द्या, दहा मिनिटं बोलायचं नाही. दोनच प्रश्न : कुठल्या क्षणी घसा दाटला, आणि कुठली गोष्ट पटली नाही. आधी बोलणं सुरू झालं की पहिल्या माणसाचं मत सगळ्यांचं होऊन बसतं. मग प्रत्येकी तीन मिनिटं, ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या फॅनपासून सुरुवात. जुने जाणकार आधी बोलले तर नवे गप्प बसतात.

रागालाही पूर्ण जागा द्या. नताशाला टोनीसारखा अंत्यविधी का नाही, जिवलग मित्र बकीला सोडून स्टीव्ह भूतकाळात कसा राहिला, थॉरच्या दुःखातल्या वाढलेल्या शरीरावर विनोद का केले, हे फॅन्सचे खरे आणि जुने सल आहेत. ते प्रेमातूनच येतात, त्यांना "सिनेमाच आहे" म्हणून झटकू नका. थांबवायचा असतो तो फक्त टाइम ट्रॅव्हलचा वाद. तो पहिल्या फेरीत सुरू झाला की तासभर दुसरं काहीच होत नाही. दुसऱ्या फेरीला ठेवा.

पोस्टकार्डांवर तारीख आणि तो माणूस कुठल्या सिनेमापासून फॅन आहे तेवढं लिहून घ्या, नाव ज्याच्या-त्याच्या इच्छेवर. ती एका जाड पाकिटात ठेवून वर वर्ष घाला. पुढच्या वर्षी सिनेमा संपून नवी कार्डं लिहून झाल्यावरच ते पाकीट उघडा. आधी वाचलं तर माणसं मागच्या वर्षीचंच रडू शोधत बसतात.