फॉर्मच्या रकान्याला लेबल जोडायचं कसं (प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे)

सोसायटीच्या गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता, दिसायला एकदम चकाचक. खालच्या मजल्यावरच्या काकांना दिसत नाही, ते एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून नातीचं नाव भरायला बसले, टॅब दाबत गेले तर दर रकान्यावर एकच, एडिट ब्लँक, एडिट ब्लँक. म्हणाले, "अरे, यात नाव कुठं टाकू नि मोबाइल कुठं?"

घोळ असा की "मुलाचं नाव" हे शब्द मी नुसते डिव्हमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या साध्या डब्यात, टाकलेले. शेजारी दिसतात म्हणून आपण मनात जोडून घेतो, ब्राउझरला त्यातलं काही कळत नाही, त्याला सांगावं लागतं.

तर ते शब्द लेबल टॅगमध्ये घाला, इनपुटला एक आयडी द्या आणि लेबलच्या फॉर अॅट्रिब्यूटमध्ये तोच आयडी लिहा, अक्षर न अक्षर तोच, कॅपिटल-स्मॉल सुद्धा. जोडलं गेलं का ते बघायला कुठलं टूल लागत नाही, लेबलच्या शब्दांवर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला पाहिजे. चेकबॉक्सला तर याचा मोबाइलवर सगळ्यांनाच फायदा, एवढ्याश्या चौकोनावर बोट नेमकं बसवावं लागत नाही. एक गोची मात्र आहे, तोच फॉर्म पॉपअपमध्ये पण असला तर आयडी दोनदा येतो आणि लेबल पहिल्यालाच जाऊन चिकटतं.

प्लेसहोल्डरवर, म्हणजे रिकाम्या रकान्यात फिकट दिसणाऱ्या शब्दांवर, भागवू नका. टाइप केलं की ते गायब, आणि मध्येच कुणी हाक मारली की आपण काय भरत होतो तेच आठवत नाही. "१० अंकी नंबर" असली सूचना रकान्याखाली वेगळी लिहा, तिला आयडी द्या नि इनपुटला आरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा, म्हणजे आधी नाव मग सूचना असं ऐकू येतं.

रेडिओ बटणांना प्रत्येकी लेबल तर हवंच, शिवाय सगळा गट फील्डसेट टॅगमध्ये आणि "वयोगट" हे शीर्षक त्याच्या लेजंड टॅगमध्ये, नाहीतर नुसतं "५ ते ८" ऐकून माणसानं काय समजायचं, वेळ का वय?

आरिया-लेबल, म्हणजे न दिसणारं, नुसतं ऐकू येणारं नाव, ठेवा सर्चच्या रकान्यासारख्या जागी, जिथे नुसतं भिंग असतं. दिसणारं लेबल असताना वर हे पण टाकलं तर हेच जिंकतं, मग स्क्रीनवर "मोबाइल" आणि आत "फोन", आणि आवाजाने कॉम्प्युटर चालवणारा "मोबाइल" म्हणत बसतो. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले निकष) यासाठी वेगळा नियमच आहे, २.५.३.

एनव्हीडीए विंडोजवर फुकट मिळतं. ते लावा, मॉनिटर बंद करा आणि टॅबवर आख्खा फॉर्म भरून बघा. मी भरला तेव्हा सगळे रकाने नीट बोलले, शेवटी सबमिटवर आलो तर ते नुसतंच "बटन" म्हणालं, तिथं मी हौसेनं बाणाचा आयकॉन टाकला होता ना.