कालवा बंद होणार असेल तर बोट कुठे न्यावी

इंग्लंडमध्ये नॅरोबोटवर (कालव्यातल्या अरुंद, लांबट बोटीवर) नव्याने राहायला लागलेल्या माणसाला पहिल्याच शरद ऋतूत एक सल्ला हमखास मिळतो : "विंटर स्टॉपेजचं काय एवढं? असशील तिथे बांध आणि मार्चपर्यंत बस." विंटर स्टॉपेज म्हणजे दुरुस्तीसाठी हिवाळ्यात कालव्याचे भाग बंद ठेवणं. हा सल्ला देणाऱ्याची बोट बहुतेक वेळा मरीनामध्ये असते. वीज आणि पाणी दाराशी, टॉयलेट रिकामं करायची सोय चार पावलांवर. हा लेख बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांना हक्काची जागा नाही आणि दर १४ दिवसांनी पुढे सरकायचं आहे त्यांच्यासाठी.

बोट, लायसन्स, विंडलास (लॉकच्या पाण्याच्या झडपा उघडायचं हँडल), शेगडीसाठी कोळसा हे तुमच्याकडे आहेच असं धरतो.

यादी मिळवा

इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेजकडून हे काम त्यांच्याकडे आलं. मोठी दुरुस्ती साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात उरकतात. बंद ठिकाणांचा मसुदा आधी येतो, पक्की यादी शरदात. ट्रस्टच्या साइटवर आपापल्या कालव्यासाठी ईमेल सूचना चालू करा, झालं. एक मात्र बघा : "टोपाथ बंद" म्हणजे काठावरची पायवाट बंद, बोटीला त्याचं सोयरसुतक नाही. "नॅव्हिगेशन बंद" म्हणजे तुमचा रस्ता बंद.

कप्पा निवडा

खरी गोम इथे आहे, आणि मलाही ती उमगायला वेळ लागला. लोक यादीत आपल्या पुढचं एक लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी, दोन्हीकडे गेटं असलेली कोठी) शोधतात, ते बंद नाही म्हटल्यावर निर्धास्त होतात. असं वाचू नका. तुमच्या दोन्ही बाजूंची सगळ्यात जवळची बंद ठिकाणं शोधा, त्यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. दोन्ही एकाच वेळी बंद असतील तर मधला पट्टा हा तुमचा कप्पा. पुढचे काही आठवडे तुमचं जग तेवढंच.

ग्रँड युनियन कालव्याचं उदाहरण घेऊ. ब्रॉन्स्टनकडून येताना बकबीची सात लॉक लागतात, क्रमांक ७ ते १३. मग मैलोन्‌मैल एकही लॉक नाही. वीडन, बगब्रुक, गेटन जंक्शन, ब्लिसवर्थचा बोगदा आणि मग स्टोक ब्रुअर्नची लॉक १४ ते २०. नकाशावर शेजारचे आकडे, पाण्यावर पंधराएक मैल. समजा एखाद्या जानेवारीत बकबीचं एक गेट बदलायला काढलं आणि त्याच पंधरवड्यात स्टोक ब्रुअर्नलाही काम निघालं, तर तुम्ही मध्ये कोंडलात. आता कप्पा म्हणून हा पट्टा वाईट नाही. लॉक नसल्याने एकट्याने सरकता येतं, गेटनला पाणी आणि एल्सन (टॉयलेट रिकामं करायची जागा) आहे, जंक्शनवर बोट वळवता येते, जवळच्या गावांतून बसने नॉर्थॅम्प्टन गाठता येतं. पण हे सगळं आधी तपासून आत शिरायचं असतं, शिरल्यावर नाही.

तपासायचं काय? पाण्याचा नळ कप्प्याच्या आत आहे का, की बंद लॉकच्या पलीकडे? एल्सन आत आहे का? तुमच्या लांबीची बोट वळेल असं विंडिंग होल, म्हणजे बोट वळवायची रुंद जागा, आत आहे का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. साठ फुटी बोट नाक पुढे करून नळापाशी गेली आणि परतायला वळण नसलं, तर मैलभर मागे रिव्हर्सने जायचं, तेही जानेवारीच्या वाऱ्यात. कुणाला हौस असेल तर असो.

"नॉर्थॅम्प्टन आर्म उघडा आहे की, तिकडून नदीत उतर," असंही सांगणारे भेटतात. कागदावर बरोबर. पण गेटनहून नॉर्थॅम्प्टनकडे उतरणाऱ्या त्या फाट्यावर १७ लॉक आहेत, पुढची नेन नदी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या ताब्यात, म्हणजे वेगळं लायसन्स किंवा दोन्हीकडे चालणारं गोल्ड लायसन्स हवं. शिवाय हिवाळ्यात नदी चढली की जोरदार प्रवाहाचा इशारा लागतो आणि बोट हलवणं शहाणपणाचं राहत नाही. पाऊस पडला की बंद होणाऱ्या दाराला मी बाहेरचा रस्ता मानत नाही. तुम्हीही मानू नका.

आणि यादीतल्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका. लॉकची गेटं ओकची, साधारण २५ वर्षं टिकतात. ट्रस्ट ती वेकफील्डजवळ स्टॅन्ली फेरीला आणि बिल्स्टनजवळ ब्रॅडलीला स्वतःच्या कारखान्यांत बनवतो. गेट बसवणं हे ठरलेलं काम आहे. पण त्याआधी लॉकच्या दोन्ही टोकांना खाचांमध्ये फळ्या टाकून पाणी अडवतात, मासे पकडून दुसरीकडे सोडतात, पंप लावून तळ कोरडा करतात. मग पहिल्यांदा दिसतं की खालची वीट निसटली आहे. ग्रँड युनियनचा हा भाग १८०५ मध्ये पुरा झाला, तळात काय वाढून ठेवलंय हे पाणी काढल्याशिवाय कळत नाही. काम लांबतं. मी नेहमी दोन आठवडे वर धरतो. नोकरी, दवाखाना, विमानाचं तिकीट, जे काही असेल ते शेवटच्या तारखेला चिकटवू नका. भारतात सुट्टीला जाऊन आल्यावर बोट हवी तिथे असेल असं गृहीत धरणारे आपले लोक मी पाहिलेत.

सामान भरा

टाकी पाण्याने, लॉकर कोळशाने, गॅसचा दुसरा सिलिंडर. डिझेल-कोळसा घेऊन फिरणाऱ्या फ्युएल बोटीवर भरवसा असेल तर लक्षात घ्या, तीही बोटच आहे आणि त्याच लॉकमागे अडकते. विक्रेत्याला आधी विचारा की तो कुठल्या बाजूला राहणार. पंप-आउट टॉयलेट (मैला बोटीतल्या टाकीत साठतो, पंपाने उपसावा लागतो) असेल तर एक साधी कॅसेट, म्हणजे हाताने काढता येणारी छोटी टाकी, जवळ ठेवाच. भरलेली कॅसेट पायवाटेने उचलून नेता येते, भरलेली टाकी नाही.

१४ दिवसांचा हिशेब

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात एका जागी १४ दिवस, "किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका जास्त काळ" अशी मुभा आहे. याचा अर्थ स्टॉपेज लागलं की सुट्टी, असा काढू नका. कप्प्याच्या आत हलता येत असेल तर हलायचंच. खरोखर हलता येत नसेल, पाणी गोठलं किंवा पातळी उतरली, तर मुदत संपायच्या आधी ट्रस्टला लेखी कळवा, सूचनेचा क्रमांक द्या, उत्तर जपून ठेवा. नंतर फोनवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

विंटर मूरिंगचा परवाना घ्यायचा असेल तर विक्री उघडताच घ्या. चांगल्या जागा पटकन जातात.

पाणी उतरलं तर

कामाच्या लगतच्या पट्ट्यात बोट बांधू नका. बांधावीच लागली तर दोर सैल. पातळी रात्रीत वीतभर उतरली की ताठ दोरांवर बोट लटकते, किंवा काठालगतच्या पाण्याखालच्या दगडी कडेवर एक बाजू टेकते आणि बोट कलते. कलली की बेसिनचं सांडपाणी बाहेर सोडणारं भोक पाण्याखाली जातं आणि तिथून पाणी आत यायला लागतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे काठावरची ओल बघणं. कालच्या पाणरेषेखाली काळा ओला पट्टा दिसला की चहा नंतर, आधी दोर सोडा आणि बांबूने बोट खोल पाण्याकडे ढकला.

यादीत नसलेलं

मार्च २०१८ मध्ये मिडलविचजवळ श्रॉपशायर युनियन कालव्याच्या शाखेचा काठ फुटला, तो मार्ग वर्षअखेरपर्यंत बंद राहिला. १ जानेवारी २०२५ ला डनहॅम मॅसीजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा बांध फुटला. हा कालवा ट्रस्टचा नाही, खासगी मालकीचा. तरी चेशर रिंगचा (अनेक कालवे जोडून होणाऱ्या वर्तुळाचा) फेरा तुटला तो सगळ्यांसाठीच. २०२५ च्याच कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या पट्ट्यात वाहतूक थांबली. अशा वेळी उपयोगी पडतो तो रस्ता आणि स्टेशन जवळ असलेला कप्पा. सुंदर पण आडरानातली जागा मी उन्हाळ्यासाठी ठेवतो.

उघडल्यावर

पहिल्या दिवशी धावू नका. रांग असते, आणि नव्याने भरलेल्या पट्ट्यात पाणी अजून कमी असतं. दोन दिवस थांबा, आणि निघण्याआधी त्या सकाळची सूचना पुन्हा वाचा.