अँबॅसेडरचं मागून ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी गणपतीच्या आधी बाहेर काढायची आणि बघतो तर इंजिन-गिअरबॉक्सच्या मधे, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या खोळीच्या) खालच्या भोकातून काळं ऑइल ठिबकतंय. मेकॅनिक लगेच सांगतो मागचा सील गेला, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. जरा थांबा.

जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन असेल तर तिथे मागे रबरी सील नसतोच!! क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला स्क्रूसारखे आटे कापलेले असतात, क्रँक फिरली की ते आटे ऑइल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीकडे ढकलतात, बस एवढंच. म्हणजे इंजिन बंद झालं की तिथे ऑइल अडवणारं काही नाही, त्यामुळे एखाददुसरा थेंब पडला तर तो बिघाड नाही. इसुझूचं 1800 इंजिन असेल तर गोष्ट वेगळी, त्यात खरोखरचा सील असतो आणि तो बदलता येतो.

आता आपल्याकडची मुख्य गोष्ट. कोकणात घरं उतारावर, गाडी नाक वर करून घाटीतच उभी करायची सवय, मग इंजिन बंद केल्यावर वरून उतरणारं ऑइल मागच्या बाजूलाच जाऊन साचतं. दोन रात्री गाडी सपाट खळ्यात लावा, चाकाला चिरा लावा, खाली जुना पेपर पसरा आणि डाग किती पडतो ते बघा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ते काढा.

तरी गळतंय? मग इंजिन थंड असताना मागची बाजू रॉकेल आणि ब्रशने पूर्ण धुवा, सुकू द्या, टाल्कम पावडर मारा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पावडरवर ओली वाट कुठून सुरू होते ते टॉर्चने वरून खाली बघत या. बहुतेक वेळा ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या पॅकिंगपासून नाहीतर मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) मागे लपलेल्या साइड प्लेटांपासून, म्हणजे ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणांपासून निघते, ऑइल ब्लॉकवरून ओघळत मागे येतं आणि दोष सीलवर जातो. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स याच चुकीने एकदा फुकट उतरवला गेला, गळत होती ती साइड प्लेट. कॉर्कचं पॅकिंग नवीन घाला पण बोल्ट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो आणि मग कुठलंच पॅकिंग बसत नाही.

ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप काढून साफ करा, कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं कधीकधी. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आतलं प्रेशर ऑइलला मागून बाहेर ढकलतंय आणि तिथे काहीही बदललंत तरी फरक पडणार नाही.

हे सगळं ठीक असून धार लागत असेल तरच इंजिन खोला. क्रँकला धरणारी मेन बेअरिंग झिजली की क्रँक खाली बसते, आट्यांभोवतीची फट वाढते, म्हणून मापं घेऊन बेअरिंग बदला, मागच्या बेअरिंगच्या कॅपमधून चेंबरला जाणारी ऑइलची वाट मोकळी करा आणि चेंबरच्या मागच्या टोकाचा कॉर्क नवीनच घाला. क्लच प्लेट ऑइलने भिजली असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, चढावर घसरतेच ती.