बिडाचा ड्रेनेज पाईप बदलायचा, तर पायथ्यापासून

मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर बिडाचे दोन पाईप उभे असतात, एक संडासाचा आणि एक न्हाणीचा. पुढून रंग मारलेला पाईप धडधाकट वाटतो. त्याच्या मागे बोटं घालून पाहा. भिंतीला चिकटलेल्या बाजूला रंगाचा ब्रश कधी पोचलेलाच नसतो. तिथे गंजाचे पापुद्रे सुटतात, उभी चीर पडते आणि घाण पाणी भिंतीत मुरतं. आतून मैल्याच्या वायूपासून तयार होणारं आम्ल बीड खात असतं. सांध्यात पिंपळ रुजला, की उरलेलं काम त्याची मुळं करतात.

अशा पाईपला एम-सील लावून एखादा पावसाळा निघतो, त्याहून जास्त नाही. मधला एकच तुकडा बदलणं त्याहून वाईट, कारण कापताना बसणाऱ्या हादऱ्याने वरचे-खालचे शिशाचे सांधे सैल होतात. बदलायचा तर अख्खा उभा पाईप बदला, पायथ्याचा बेंड आणि चेंबरपर्यंतच्या आडव्या लाइनसकट. खर्च वाचवायला हा आडवा भाग सोडून देतात आणि नवा पाईप तिथेच तुंबतो.

बाहेरच्या सामाईक लाइनचं काम सोसायटीचं, फ्लॅटमधल्या ट्रॅपचं (पाणी साठवून वास अडवणारा वाकडा नळ) आणि शाखेचं (तिथून उभ्या पाईपपर्यंतचा नळ) सभासदाचं. त्यामुळे आधी गळती नेमकी कुणाची ते ठरवा. एकेका मजल्यावर बादलीत रंग कालवून ओता आणि खाली भिंतीवर कुठे उतरतो ते पाहा.

नवा पाईप पीव्हीसीचा. माल घेताना त्यावरचा छापा वाचा. आयएस १३५९२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘टाइप बी’ असं दोन्ही हवं. टाइप ए पातळ असतो, पावसाच्या पाण्याला आणि वायू बाहेर सोडणाऱ्या हवेच्या नळाला ठीक. ११० मिमीच्या टाइप बीची भिंत किमान ३.२ मिमी जाड असते, टाइप एची २.२. दुकानात दोन्ही सारखेच राखाडी दिसतात. बाहेरच्या भिंतीवर रबर रिंगवालेच पाईप घ्या, सोल्युशनने चिकटवायचे नकोत. उन्हात ३ मीटरचा पाईप ६-७ मिमी वाढतो. चिकटवलेल्या सांध्यात ती वाढ सामावत नाही, म्हणून क्लॅम्प उखडतात किंवा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, फुटते.

तळमजला अधिक तीन मजले, म्हणजे साधारण १२ मीटर उंची धरली, तर संडासाच्या एका लाइनला हा माल लागतो: ११० मिमीचे ३ मीटरी पाईप ७ (उभ्याला ५, आडव्याला आणि तळमजल्याच्या वेगळ्या लाइनला २), डोअर टी (उघडता येणाऱ्या झाकणाची टी) ३, ४५ अंशाचे बेंड ४, भांड्याला जोडायचे कनेक्टर ४, क्लॅम्प १४, काउल (पाईपच्या वरच्या टोकाची जाळीदार टोपी) १, जादा रिंगा ४ आणि रबर ल्युब्रिकंटचा डबा. ग्रीस किंवा तेल वापरू नका, त्याने रिंग फुगून खराब होते.

काम पावसाळा संपल्यावर काढा. परांची आधी बांधून घ्या. त्या दिवशी संबंधित संडासांना जाणाऱ्या पाण्याचा कॉक गच्चीवरच बंद करा. नुसती नोटीस लावून भागत नाही, कुणीतरी सवयीने फ्लश करतोच आणि खाली माणूस उभा असतो.

काढताना वरून खाली या. बिडाचा सहा फुटी पाईप वीस किलोच्या वर भरतो, म्हणून आधी दोर बांधा, मग कापा. शिशाचा सांधा तापवून वितळवू नका, धूर विषारी असतो. सांध्याच्या वर आणि खाली ग्राइंडरने कापून तुकडा उतरवा. कापण्याआधी खालच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबा, नाहीतर खपल्या पायथ्याच्या बेंडमध्ये जाऊन बसतात. पाईप बिडाचा नसून सिमेंटसारखा करडा, खरखरीत असेल, तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला ग्राइंडर अजिबात लावू नका. पाणी मारून ओला ठेवा, सांध्यातून अख्खा सोडवा, मास्क लावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध जाते, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. चेंबर यंत्राने साफ करून घ्या आणि जोड बाहेरून, झाकणाशी बसून करा.

बसवायला मात्र खालून सुरुवात. पायथ्याला काटकोनी बेंड लावू नका. ४५ अंशाचे दोन बेंड जोडून वळण मोठं करा आणि त्याखाली काँक्रीटचा ठोकळा ओता, कारण वरून पडणाऱ्या मैल्याचा मार तिथे बसतो. चेंबरकडे उतार मीटरला २ ते २.५ सेंटिमीटर द्या. तळमजल्याचा संडास या उभ्या पाईपला जोडूच नका, त्याची लाइन सरळ चेंबरमध्ये न्या. वरच्या मजल्यांचं पाणी पायथ्याशी आदळलं, की हवा दबते आणि तळमजल्याच्या भांड्यातून घाण उसळते. न्हाणीची लाइनही यात घुसवू नका, ती गली ट्रॅपमधूनच, म्हणजे जमिनीलगतच्या पाणी साठणाऱ्या जाळीच्या खड्ड्यातूनच, चेंबरला जाऊ द्या.

प्रत्येक सांधा असा करा. पाईप सरळ कापा, धार कानशीने उतरती घासा, खाचेतली रिंग पुसून बसवा, ल्युब्रिकंट लावा. सॉकेटचं, म्हणजे पाईपच्या रुंद टोकाचं, तोंड वर. पाईप पूर्ण आत ढकला, सॉकेटच्या काठाशी पेन्सिलने खूण करा आणि १० मिमी परत ओढा. खूण बाहेर सरकलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. हीच ती वाढीची जागा. मेस्त्री घाईत असला की हेच राहून जातं, म्हणून खुणा स्वतः मोजा. सॉकेटखालचा क्लॅम्प घट्ट आवळा, मधले सैल ठेवा. पाईप आणि भिंत यांत इंचभर फट सोडा.

भिंतीतून जाणाऱ्या शाखेकडे नीट लक्ष द्या. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. भोवती बारीक फट राहते आणि वर्षभरात खालच्या घराचं छत ओलं होतं. भिंतीत जाणाऱ्या भागावर सोल्युशन फासा, ओलं असतानाच कोरडी वाळू भुरभुरा, दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंग घातलेल्या मसाल्याने भरा.

काउल गच्चीच्या वर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच न्या.

प्लास्टर करण्याआधी तपासणी. डोअर टीचं झाकण उघडून तिथून वर जाणाऱ्या पाईपचं खालचं तोंड फुगणाऱ्या प्लगने बंद करा, वरच्या मजल्यापर्यंत, म्हणजे साधारण ३ मीटर, पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर सांधे कोरड्या कागदाने पुसत जा, ओला झाला तो सांधा उघडा. अख्खा १२ मीटरचा पाईप एकदम भरू नका, खालचे सांधे तेवढ्या दाबासाठी नसतात. शेवटी पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा रंग पाईपला दोन हात मारा, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो. या वेळी ब्रश मागच्या बाजूलाही पोचतो.