इलेक्ट्रिक मोटरसायकलचे उघडे भाग कसे जपावेत

पेट्रोलच्या गाडीला खालून दगड लागला तर बहुतेक वेळा ओरखड्यावर निभावतं. इलेक्ट्रिक मोटरसायकलमध्ये त्याच जागी बॅटरीचा तळ, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) किंवा मोटरकडे जाणाऱ्या जाड केबल असतात. तिथला एक घाव फार महागात पडतो. म्हणून संरक्षण हवंच, पण सगळं गुंडाळून टाकू नका. दगड आणि पाण्याचा मारा अडवायचा, हवा मात्र खेळती राहिली पाहिजे आणि आत आलेल्या पाण्याला निघून जायला वाट हवी.

आधी वीज तोडा

चार्जर काढा, चावी बंद करा, मेन एमसीबी पाडा. बॅटरी निघणारी असेल तर काढून बाजूला ठेवा. कंट्रोलरमधले कपॅसिटर यानंतरही काही मिनिटं चार्ज धरून असतात, तेवढं थांबा. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. नारिंगी आवरणाच्या केबल म्हणजे उच्च व्होल्टेज. त्यांचे कनेक्टर स्वतः उघडू नका.

मारा कुठे बसतो ते बघा

चिखलातून आल्यावर गाडी लगेच धुऊ नका. चिखल वाळू द्या, मग टॉर्च घेऊन खालून बघा. जिथे थर सर्वात जाड, तिथेच पुढचं चाक पाणी आणि खडी फेकतंय. बऱ्याच गाड्यांमध्ये यावर साधा उपाय चालतो: पुढच्या मडगार्डला मागून खाली रबरी फ्लॅप लावून त्याची लांबी वाढवणं. सस्पेन्शन पूर्ण दाबून फ्लॅप कशाला घासत नाही ना, एवढं तपासा.

बॅश प्लेट

बॅश प्लेट म्हणजे दगडाचा मार झेलायला गाडीच्या पोटाखाली लावायची प्लेट. ३ ते ४ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट रोजच्या वापराला पुरते. खडकाळ वाटेवर जाणाऱ्यांनी जाड एचडीपीई प्लास्टिकचा विचार जरूर करावा, त्यावरून दगड घसरून निघतो. प्लेट चेसीला बसवा, बॅटरीच्या केसिंगला नाही, आणि केसिंगला ड्रिल तर अजिबात लावू नका. दोन्हींमध्ये बोटभर तरी फट ठेवा, म्हणजे प्लेट वाकली तरी धक्का बॅटरीपर्यंत पोचत नाही. सर्वात खालच्या भागात भोकं पाडा, नाहीतर ओला चिखल तिथे साचून राहतो. ॲल्युमिनियम आणि स्टीलचा बोल्ट ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घाला.

कंट्रोलर

त्याच्या पात्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यावर फोम किंवा प्लास्टिक चढवलं तर कंट्रोलर तापतो आणि गाडी स्वतःहून ताकद कमी करते. समोर थोडं अंतर सोडून जाळी लावा आणि पात्यांमधला चिखल मऊ ब्रशने काढत राहा. केसिंगवर एखादं छोटं ब्रीदर असेल, तर त्यावर टेप किंवा सिलिकॉन लावू नका. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब त्यातूनच समान होतो.

केबल आणि कनेक्टर

सर्वात जास्त वेळ इथे द्या. केबल एका झटक्यात तुटत नाही, ती महिनोन् महिने घासत जाते. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि केबल कुठे ताणते, कुठे घासते ते बघा. आवरणावर गुळगुळीत, चकाकणारा पट्टा दिसला तर तिथे घासणं सुरू झालेलं आहे. तिथे स्पायरल रॅप किंवा फाट असलेली नालीदार नळी घाला. नळीची फाट खाली ठेवा. पत्र्याच्या कडेवरून केबल जात असेल तर रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं रबरी कडं) हवंच. केबल टाय ओढून आवळू नका. बोटाने किंचित फिरवता आला पाहिजे.

कनेक्टरमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. हब मोटरची (चाकातच बसवलेल्या मोटरची) केबल ॲक्सलमधून बाहेर येते, तिथे हा झोळ विसरू नका.

कमी व्होल्टेजचे छोटे कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण सुकवा. रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज वाहून न नेणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर ते तापलेलं आहे. असा कनेक्टर ग्रीसने सुधारत नाही, बदलूनच घ्या. चार्जिंग पोर्टचं झाकण सैल झालं असेल तर तेही बदला. पोर्ट ओलं असताना चार्जर लावू नका.

धुताना

गाडीच्या भागांवर लिहिलेलं आयपी६७ हे मानांकन म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी. प्रेशर वॉशरचा झोत ही वेगळीच गोष्ट आहे, तो सीलच्या आत पाणी घुसवू शकतो. तापलेल्या गाडीवर थंड पाणी ओतलं तर आतली हवा आकसते आणि कमकुवत सीलमधून पाणी आत ओढते. गाडी निवू द्या, मग बादली आणि स्पंजने धुवा.

धक्का बसल्यावर

प्लेट वाकली तर ती उतरवून मागचं केसिंग बघा. बॅटरीला पोचा किंवा चीर दिसली तर गाडी चालतेय म्हणून चार्जिंगला लावू नका. आत सेल दबला असेल तर शॉर्ट काही दिवसांनीही होऊ शकतो. गाडी घरापासून लांब, मोकळ्या जागी उभी करा आणि बॅटरी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.